बोर्ग-वॉर्नर ओव्हरड्राइव्ह: जुना गिअरबॉक्स ओळखून पुन्हा गाडीत कसा बसवायचा

जुन्या अमेरिकी गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फेऱ्यांवर चालवणारी गिअरबॉक्समागची जोडणी, शोधत फिरलात तर दोन तऱ्हेचे विक्रेते भेटतात. एकाला आपण काय विकतोय हेच ठाऊक नसतं, त्यामुळे तो साध्या तीन गिअरच्या डब्याच्या भावात ओव्हरड्राइव्ह देऊन टाकतो. दुसऱ्याला सगळं ठाऊक असतं, फक्त सोलेनॉइड (विजेने दांडा हलवणारा भाग) आणि रिले (लहान करंटवर मोठं सर्किट जोडणारा स्विच) कुठे गेले हे नेमकं आठवत नाही. पहिला भेटला तर तुमचं नशीब. दुसऱ्याशी गाठ पडली तर पुढची माहिती हाताशी असू द्या.

हा लेख एकाच युनिटबद्दल आहे: तीन गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला बोर्ग-वॉर्नरचा ओव्हरड्राइव्ह, आर-१० आणि त्याचा दणकट भाऊ आर-११. या घराण्याचा ओव्हरड्राइव्ह १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लोवर आला आणि पुढे स्टुडबेकर, पॅकार्ड, हडसन, नॅश, विलीज, कायझर, १९४९ पासून फोर्ड आणि १९५५ पासून शेव्हर्ले अशा बहुतेकांनी तो घेतला. तिशीच्या दशकातली पहिली युनिटं पूर्ण यांत्रिक होती, त्यांना सोलेनॉइड नसतो. तसलं हाती लागलं तर इथली विजेची माहिती त्याला लागू नाही. युद्धोत्तर गाड्यांमध्ये मात्र सगळीकडे विजेवर चालणारं युनिट सापडतं आणि तेच आपल्या कामाचं.

अमेरिकेत राहून जुनी गाडी हाताशी धरलेली मराठी मंडळी आता बरीच आहेत. भारतातही हिंदुस्तान मोटर्सने एकेकाळी स्टुडबेकर गाड्या जुळवल्या होत्या, त्यातल्या काही अजून मुंबई-पुण्याकडे सांभाळलेल्या दिसतात. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर आधी डॅशबोर्डखाली वाकून बघा. तिथे ओढायची एखादी मूठ असेल आणि तिची केबल गिअरबॉक्सकडे जात असेल, तर ओव्हरड्राइव्ह कदाचित गाडीतच आहे आणि बंद पडलाय म्हणून कोणी त्याचं नावच काढलेलं नाही.

याने मिळतं काय

हिशोब सोपा आहे. सुमारे २८ इंच व्यासाचं चाक एका मैलात साधारण ७२० वेळा फिरतं. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरसंचाचं, गुणोत्तर ४.०९ असेल, तर ताशी ६० मैलांना (सुमारे ९६ किलोमीटरला) इंजिन २९४५ आरपीएमवर (मिनिटाला फेरे) घरघरत असतं. ओव्हरड्राइव्हचं गुणोत्तर ०.७०. तो लागला की तेच इंजिन त्याच वेगाला २०६० च्या आसपास येतं. चढावर आणि गावात ४.०९ ची ताकद, मोकळ्या रस्त्यावर २.८६ ची शांतता. पन्नास सालच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला महामार्गावर टिकवायचं तर माझ्या मते याहून स्वस्त उपाय नाही.

आतली यंत्रणा, थोडक्यात

प्लॅनेटरी गिअरच्या संचात मध्ये सन गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे प्लॅनेट गिअर, त्यांना धरणारा कॅरिअर आणि बाहेर रिंग असते. गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट कॅरिअरला फिरवतो आणि बाहेरची रिंग मागच्या शाफ्टला. मधला सन गिअर मोकळा असेल तर ताकद फ्रीव्हीलच्या, म्हणजे एकाच दिशेने ताकद पुढे देणाऱ्या जोडणीच्या, रोलरांमधून सरळ मागे जाते, एकास एक. सन गिअर धरून ठेवला की रिंगला कॅरिअरपेक्षा जास्त फिरावं लागतं: आत ७ फेरे, बाहेर १०. तो धरण्याचं काम एक पोलादी जीभ करते, तिला पॉल म्हणतात. पॉलला आत ढकलतो सोलेनॉइड. सोलेनॉइडला हुकूम मिळतो रिलेकडून, आणि रिलेला गव्हर्नरकडून. गव्हर्नर मागच्या शाफ्टवरून फिरतो आणि ताशी २७ ते ३० मैलांच्या आसपास आपला संपर्क जोडतो.

यातली कळीची गोष्ट अशी की सोलेनॉइड ओढला गेला म्हणून पॉल लगेच आत जात नाही. बाल्क रिंग नावाची एक कडी तिला अडवून धरते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढता, सन गिअर थांबून किंचित उलटा वळायला लागतो, तेव्हा ती कडी सरकते आणि पॉल खाचेत बसते. म्हणजे दाते एकमेकांवर आपटत नाहीत. इतक्या वर्षांपूर्वीची ही युक्ती अजूनही बघत राहावी अशी आहे.

पायरी १: ओळख पटवणं

रंग, विक्रेत्याचं वर्णन आणि डब्यावर खडूने लिहिलेलं गाडीचं नाव, तिन्ही विसरा. मागची बाजू बघा. साध्या तीन गिअरच्या डब्यामागे छोटंसं शेपूट असतं. ओव्हरड्राइव्हवाल्यात त्या जागी लांब हाउसिंग असतं आणि त्यावर तीन गोष्टी दिसायला हव्यात: बाजूला दोन बोल्टांनी बसवलेला डब्यासारखा गोल सोलेनॉइड, आट्यांनी घट्ट बसवलेला आणि एकच तार येणारा गव्हर्नर, आणि केबल जोडायचा छोटा लिव्हर. सोलेनॉइड काढून घेतला असेल तर त्या जागी भोक दिसतं. त्यातून आत बोट घालायच्या आधी टॉर्च मारा आणि पॉल जागेवर आहे का ते बघा.

मग गिअरबॉक्सच्या मुख्य डब्यावर ओतीव अक्षरं शोधा. टी-९६ हा हलका, स्टुडबेकर चॅम्पियनसारख्या छोट्या सहा सिलिंडरच्या गाड्यांचा. टी-८६ मधला, सर्वांत जास्त सापडणारा. टी-८५ जड, मोठ्या इंजिनांसाठी आणि ट्रकसाठी. गुळगुळीत झालेली अक्षरं वायरब्रश आणि केरोसीनने साफ केली की बहुधा वाचता येतात. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची चिठ्ठी असायची, पण ती टिकलेली क्वचितच दिसते. आर-१० आणि आर-११ मधला फरक बाहेरून खात्रीने सांगता येत नाही, तो आत आहे: आर-१० मध्ये तीन प्लॅनेट गिअर, आर-११ मध्ये चार. मोठ्या व्ही-८ च्या मागे लावायचं असेल तर चारवालं शोधा. सहा सिलिंडरला तीन पुरतात.

मागचं टोकही नीट बघून घ्या. उघड्या प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) गाडीतलं युनिट असेल तर शेवटी फ्लँज किंवा सरकणारा योक बसतो. नॅश आणि जुन्या रॅम्बलरमध्ये टॉर्क ट्यूब होती, म्हणजे हा शाफ्ट नळीत बंद असायचा, त्यामुळे त्यांची शेपटी वेगळी असते आणि उघड्या शाफ्टच्या गाडीला ती सरळ लागत नाही. स्वस्तात मिळतोय म्हणून तो डबा उचलू नका. तो स्वस्त याचसाठी असतो.

पायरी २: विकत घेण्याआधी हाताने तपासा

याला कोणतंही यंत्र लागत नाही. गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये टाका, म्हणजे आत आणि बाहेर एकास एक. ओव्हरड्राइव्हचा बाजूचा लिव्हर दोन्ही टोकांना हलवून बघा, तो अडकता कामा नये. एका टोकाला फ्रीव्हील मोकळं असतं, दुसऱ्या टोकाला सगळं जखडलेलं. कुठलं टोक कशाचं ते हात सांगतो:

- मोकळ्या बाजूला ठेवून पुढचा शाफ्ट समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवा. मागचा शाफ्ट त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. आता पुढचा धरून ठेवा आणि मागचा त्याच दिशेने फिरवा. तो मोकळा फिरला पाहिजे.
- जखडलेल्या बाजूला दोन्ही दिशांना दोन्ही शाफ्ट एकत्र फिरतात. मोकळेपणा नाही.

पुढच्या दिशेने जोर लावताना रोलर घसरत असतील तर घाबरू नका. बहुतेक वेळा वर्षानुवर्षं गोठलेल्या तेलाचा तो प्रताप असतो. पण फिरवताना कुठे दाता चुकल्यासारखा धक्का लागला, किंवा खळखळ ऐकू आली, तर किंमत निम्मी करायला सांगा किंवा पुढे चला.

बॅटरी सोबत नेली असेल तर सर्वांत चांगली परीक्षा हीच. लिव्हर मोकळ्या बाजूला. सोलेनॉइडला त्याच्या व्होल्टेजचा करंट द्या, खणखणीत 'खट' ऐकू यायला हवं. मग पुढचा शाफ्ट धरून मागचा पुढच्या दिशेने हळू फिरवा. पॉल बसल्याचा दुसरा, जरा बारीक आवाज येईल आणि मागचा शाफ्ट थांबेल. आता पुढचा शाफ्ट ७ फेरे फिरवा आणि मागचे मोजा. १० झाले तर युनिट जिवंत आहे. विक्रेता शेजारी उभा असताना ही मोजणी मोठ्याने करू नये, भाव वाढतो.

पेन्सिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या बाजारासारख्या ठिकाणी असे डबे रांगेने मांडलेले असतात. माझा नियम एकच: पूर्ण संच घ्या. म्हणजे गिअरबॉक्स, ओव्हरड्राइव्ह, सोलेनॉइड, गव्हर्नर, रिले, अ‍ॅक्सिलरेटरखालचा किकडाउन स्विच (पेडल तळाला दाबलं की ओव्हरड्राइव्ह सोडवणारा), मूठ, केबल आणि शक्य असेल तर तारांचा गुच्छसुद्धा. रिकामं हाउसिंग घेऊन बाकीचं तुकड्या-तुकड्याने जमवत बसलात तर पूर्ण संचाच्या दुप्पट खर्च होतो. भारतात मागवणाऱ्यांसाठी तर हे दुप्पट खरं, कारण जड डब्याचं भाडं एकदाच द्यावंसं वाटतं.

पायरी ३: उघडणं आणि साफ करणं

क्लचच्या घरात साचलेली धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या क्लचप्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. डबा एकट्याने उचलायचा नाही, ट्रान्समिशन जॅक नसेल तर दोन माणसं हवीत.

तेल काढून टाका. डब्याला आणि ओव्हरड्राइव्हला वेगवेगळे ड्रेन प्लग असतात, दोन्ही उघडा. तेलात पितळेचा भुगा थोडा असणारच. पोलादी तुकडे असतील तर प्रश्न गंभीर आहे.

पुढचा क्रम पाळायचाच. आधी गव्हर्नर. मग सोलेनॉइड: दोन बोल्ट काढून तो सरळ ओढायचा नाही. त्याच्या दांड्याचं टोक पॉलमध्ये अडकलेलं असतं, म्हणून पाव वळसा फिरवून मोकळा करायचा. जोर लावून ओढणाऱ्यांनी आजवर किती पॉल वाकवले याची गणती नाही. त्यानंतर बाजूच्या लिव्हरच्या शाफ्टची पिन ठोकून काढा आणि तो शाफ्ट बाहेर ओढून घ्या, नाहीतर हाउसिंग सुटणारच नाही.

आता हाउसिंग मागे ओढायचं. इथे दोन हात कमी पडतात. एकाने हाउसिंग मागे घ्यायचं आणि दुसऱ्याने मागच्या शाफ्टच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके ठोकत राहायचं, म्हणजे शाफ्ट आहे तिथेच राहतो. तो हाउसिंगबरोबर मागे आला तर फ्रीव्हीलचे १२ रोलर टपाटप खाली पडतात आणि गॅरेजच्या फरशीवर बारावा रोलर नेहमी वर्कबेंचच्या मागे सापडतो. खाली जुनी चादर पसरून ठेवा.

सगळं केरोसीनमध्ये धुऊन घ्या आणि एकेक भाग उजेडात धरून बघा. बारकाईने पाहायच्या जागा दोनच. पॉलचं टोक आणि सन गिअरच्या प्लेटच्या खाचा: कडा तीक्ष्ण हव्यात. गोलावलेल्या असतील तर चालू गाडीत ओव्हरड्राइव्ह आपोआप सुटेल. दुसरी जागा म्हणजे रोलर आणि ते ज्या बाहेरच्या गुळगुळीत कड्यात फिरतात ते कडं: त्यावर नखाला लागतील असे खड्डे पडले असतील तर बदला. बाल्क रिंग आपल्या जागेवर घट्ट बसलेली हवी, सैल असली तर ती आपलं काम करत नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. त्यातली बरीचशी साधी बॉल बेअरिंग आहेत आणि त्या नंबरावर नवी मिळतात. ऑइल सील आणि गास्केट न बघता बदलून टाका.

परत जोडताना रोलर घट्ट ग्रीसने चिकटवा आणि भोवती रबर बँड लावा. रोलर कॅमच्या (रोलर ज्यावर बसतात त्या आतल्या उंचसखल भागाच्या) खोलगट भागात ढकललेले असू द्या. मागचा शाफ्ट आत शिरायला लागला की रबर बँड आपोआप बाजूला सरकतो, तो ओढून घ्यायला विसरू नका.

तेल जीएल-१ किंवा जीएल-४ प्रतीचं, गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या घट्टपणाचं. डिफरन्शियलसाठीचं जीएल-५ इथे टाकू नका, पितळी सिंक्रोसाठी (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांसाठी) ते चांगलं नाही. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह या दोन्हींचे फिलर प्लग उघडून दोन्हीत तेल भरा. एकातून भरलं की दुसरीकडे आपोआप पोहोचतं असं धरून चालू नका.

पायरी ४: दुसऱ्या गाडीत बसवताना मोजमाप

आपल्याच मॉडेलचा डबा असेल तर हा भाग सोडून पुढे जा. दुसऱ्या गाडीतला घेणार असाल, तर जुना डबा आणि नवा डबा जमिनीवर शेजारी ठेवून मापं घ्या: बेलहाउसिंगच्या (क्लचच्या घराच्या) बोल्टांचं अंतर, पुढच्या शाफ्टची लांबी, स्प्लाइनची (शाफ्टवरच्या उभ्या खाचांची) संख्या, टोकाचा पायलट बेअरिंगमधला व्यास आणि गिअर लिव्हरची जागा. टी-८६ एका कंपनीचा असला म्हणून दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला तो तसाच लागेल असं नाही. पुढचा शाफ्ट आणि बेलहाउसिंग गाडीप्रमाणे बदलतात.

ओव्हरड्राइव्हमुळे डबा लांब होतो, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून छोटा करावा लागतो. हे काम बॅलन्सिंग करून देणाऱ्या दुकानातच द्या. चॅसिसच्या मधल्या आडव्या पट्टीत जागा आहे का, तेही आधी बघा.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डिफरन्शियल. ओव्हरड्राइव्हसह विकलेल्या गाड्यांना कारखान्यातच जड गुणोत्तर दिलेलं असायचं, ४.१ किंवा त्याहूनही वर. तुमच्या साध्या गाडीत ३.७३ असेल तर ओव्हरड्राइव्हमध्ये ते २.६१ होतं. छोट्या इंजिनाला ते ओढवत नाही, सपाट रस्त्यावरही गाडी रडत चालते. ओव्हरड्राइव्ह घेतानाच त्याला साजेसं डिफरन्शियल शोधायला लागा.

पायरी ५: वीज

'ओव्हरड्राइव्ह गेलाय' असं सांगून आलेल्या गाड्यांमध्ये दोष बहुतेक वेळा तारांमध्ये असतो, गिअरमध्ये नाही. फोर्ड आणि स्टुडबेकर १९५६ पासून १२ व्होल्टच्या झाल्या, शेव्हर्ले १९५५ पासून. सोलेनॉइड आणि रिले तुमच्या गाडीच्या व्होल्टेजचेच हवेत, ६ व्होल्टचा सोलेनॉइड १२ वर लावला की थोड्याच दिवसांत जळतो. गव्हर्नर आणि किकडाउन स्विच मात्र दोन्हींना चालतात, कारण ते फक्त जोडतात आणि तोडतात.

सर्किट असं: इग्निशनकडून रिलेच्या कॉइलला, तिथून किकडाउन स्विचमधून गव्हर्नरला, आणि गव्हर्नर वेग आला की ते जमिनीला (म्हणजे गाडीच्या चॅसिसला) जोडतो. रिले ओढला की मोठी तार सोलेनॉइडला करंट देते. सोलेनॉइडला दोन टर्मिनल असतात. एक त्याच्या कॉइलचं. दुसरं किकडाउनच्या वेळी इग्निशन क्षणभर बंद पाडणारं, म्हणजे जोर सुटतो आणि पॉल बाहेर येते. या दोन तारा काढताना खूण करून ठेवा. अदलाबदल झाली तर गाडी चालता चालता मध्येच इग्निशनचा घोटाळा करते आणि दोष शोधायला आठवडा जातो.

उभ्या गाडीत तपासायचं असेल तर इग्निशन चालू करा, इंजिन बंदच. गव्हर्नरची तार काढून तिचं टोक चॅसिसला टेकवा. फायरवॉलवर (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावर) रिले 'टिक' करेल आणि खालून सोलेनॉइडचा 'खट' येईल. तार उचलली की दोन्ही सुटतील. टिक आहे पण खट नाही, तर रिलेचा फ्यूज, मोठी तार किंवा सोलेनॉइड. दोन्ही नाहीत, तर किकडाउन स्विच किंवा रिलेची कॉइल. दोन्ही आहेत पण रस्त्यावर लागत नाही, तर बहुधा गव्हर्नरचे संपर्क काळे पडलेत, नाहीतर डॅशखालची केबल लिव्हरला पूर्ण सरकवत नाही. केबलची शंका आली तर गाडीखाली झोपून लिव्हर हाताने हलवून बघा, वर मुठीवर विश्वास ठेवू नका.

पायरी ६: चालवणं

मूठ आत, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग ताशी ३० मैलांच्या वर. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचला, क्षणभर थांबा, पुन्हा दाबा. इंजिनाचा आवाज खाली आलेला लगेच कळतो. ओव्हरटेक करायचं असेल तर पेडल पार तळाला दाबा, ओव्हरड्राइव्ह सुटतो आणि ताकद परत येते. हे सगळं दुसऱ्या गिअरमध्येही चालतं, गावातून जाताना ते फार सोयीचं पडतं.

मूठ बाहेर ओढायची ती ओव्हरड्राइव्ह सुटलेला असताना आणि इंजिन गाडीला ओढत असतानाच. गाडी नुसती घरंगळत असताना मूठ ओढली तर आतले दाते कर्कश ओरडतात.

मूठ आत आहे तोवर कमी वेगात इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, हे विसरू नका. आपल्याकडे घाट उतरताना गिअरवर गाडी धरायची सवय असते, ती इथे कामी येत नाही. म्हणून उताराला लागण्याआधीच मूठ बाहेर. पार्किंगलाही तेच: पहिल्या गिअरमध्ये ठेवली तरी उताराकडे तोंड असलेली गाडी फ्रीव्हीलमधून पुढे सरकू शकते. मूठ ओढा, हातब्रेक ओढा. बॅटरी बसली तर धक्का मारून गाडी चालू करण्याआधीही मूठ बाहेर ओढा, नाहीतर ढकलणारे दमतील आणि इंजिन फिरणार नाही. रिव्हर्सला मात्र काही करावं लागत नाही, रिव्हर्स टाकताच आतली यंत्रणा फ्रीव्हील आपोआप जखडते. रिव्हर्समध्ये गाडी हलतच नसेल तर ही जखडणारी जोडणीच नीट बसलेली नाही.

बसवल्यानंतर पहिले दोन-तीनशे मैल झाले की तेल एकदा काढून बघा. धुऊनही कोपऱ्यात राहिलेला गाळ त्याच्याबरोबर निघून येतो. त्याच वेळी सोलेनॉइडचे दोन बोल्ट आणि गव्हर्नर पुन्हा आवळून घ्या, आणि मागच्या सीलखाली पुठ्ठा ठेवून रात्रभर गाडी उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर एखाद-दुसरा थेंब असला तरी चालेल. त्याहून जास्त असेल तर सील पुन्हा काढावं लागेल.